शाळेत कोणता लेखक बोलवायचा?

शुक्रवारी सकाळी अमवाजमधल्या एका घराच्या दिवाणखान्यात आम्ही सात-आठ कुटुंबे वंदनेसाठी जमतो. त्रिशरण, पंचशील, मग बाबासाहेबांच्या ग्रंथातील एखाद्या भागाचे वाचन आणि शेवटी चहा-पोहे, हा आमचा क्रम अनेक वर्षांपासून ठरलेला आहे. मागच्या महिन्यात मात्र पोहे तसेच निवत राहिले. निमित्त झाले एका मुलीच्या शाळेतून आलेल्या परिपत्रकाचे. शाळेत वाचनसप्ताह होणार आहे, त्यात किशोरवयीन मुलांसाठी लिहिणारा एखादा कादंबरीकार प्रत्यक्ष किंवा पडद्यावरून मुलांशी बोलणार आहे, पालकांना कोणी लेखक सुचवायचा असेल तर त्याचे नाव, पुस्तक आणि ते कोणत्या इयत्तेला योग्य आहे हे कळवावे, एवढाच त्यातला मजकूर होता.

आपणही एक नाव सुचवावे, असे कोणीतरी म्हणाले. मग नावे निघू लागली आणि एकेक नाव गळूही लागले. कोणाचे नाव घ्यावे तर तो लेखक आज हयात नाही; कोणाचे घ्यावे तर त्याचे पुस्तक तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती देता येत नाही; कोणाचे घ्यावे तर पुस्तक मराठीत आहे आणि शाळेचे सारे वाचन इंग्रजीत. अर्ध्या तासाने आमच्यापुढे कोरा कागद होता. ज्या समाजाने मराठी साहित्याचा चेहरामोहरा बदलला, आत्मकथनाची अशी परंपरा दिली की तिचे अनुवाद जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासले जातात, त्या समाजातील सात-आठ सुशिक्षित कुटुंबांना आपल्या मुलांच्या वयाचा एक लेखक सुचवता येऊ नये, याची आम्हांला लाज वाटली. त्या लाजेतूनच हे टिपण लिहीत आहोत.

नांदेडकडचे आमचे एक ज्येष्ठ काका तोवर गप्प होते. कागद कोराच आहे असे पाहून ते म्हणाले, "बरं झालं. नावच देऊ नका. इथं आपल्याला कोणी ओळखत नाही, तेवढं तरी राहू द्या." त्यांच्या या वाक्याकडे पुढे येऊच, ते सहज बाजूला सारण्यासारखे नाही.

लेखकाची शाळाभेट हा प्रकार इथल्या शाळांत आता चांगला रुळला आहे. लेखक येतो, सभागृहात पाऊण तास बोलतो, एखादे प्रकरण वाचून दाखवतो, मुले प्रश्न विचारतात, आधी पैसे भरलेल्यांना सही केलेली प्रत मिळते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कित्येक किशोर-कादंबरीकारांची गुजराण पुस्तकांच्या विक्रीइतकीच अशा भेटींच्या मानधनावर चालते. म्हणजे यात व्यवहार आहे आणि थोडा दिखाऊपणाही आहे. तरीही पुस्तक लिहिणारे माणूस डोळ्यांनी पाहणे ही मुलाच्या आयुष्यातली लहान घटना नव्हे. आपल्याकडे साने गुरुजी कथामालेचे कार्यकर्ते शाळाशाळांतून गोष्टी सांगत हिंडले, ते याच विश्वासाने. आणि आपल्या चळवळीपुरते बोलायचे तर भीमराव कर्डकांचा जलसा किंवा वामनदादांचे गाणे ज्या वस्तीत पोहोचले, तिथल्या पोरांना कवी म्हणजे काय हे पुस्तकाआधी माणसातून कळले.

पण या बाबतीत आपल्याजवळ याहून मोठा दाखला आहे. तो आपण वर्षातून दोनदा भाषणात ऐकतो आणि विसरतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली, आणि जी पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, तिच्यात त्यांनी आपल्या शाळकरी वयातील एक प्रसंग नोंदवला आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले. इतर समाजांत ज्याची कोणी दखलही घेतली नसती अशी ती गोष्ट. पण आपल्यात तेवढी मजल मारणारा हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना सभा भरवून त्याचे कौतुक करायचे होते. सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल ही त्यांची भीती. अखेर लोकांनी कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांना गाठले. त्यांनी वडिलांचे मन वळवले, सभा झाली, तेच अध्यक्ष होते, आणि भाषण संपवताना त्यांनी त्या मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. मुलाने ते वाचले, आणि आपल्या घरात रामायण-महाभारत वाचले जाते, मग बुद्ध का नाही, असा प्रश्न वडिलांना विचारला.

आजच्या भाषेत सांगायचे तर ती एका लेखकाची शाळकरी मुलाशी झालेली भेट होती. लेखकाने आपली प्रत दिली, मुलाने ती वाचली आणि घरी जाऊन प्रश्न विचारला. पुढे काय झाले ते आपणांस सांगण्याची गरज नाही. आम्ही येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो. एक, केळूसकर आपल्या समाजाचे नव्हते. दोन, त्यांनी दिलेले पुस्तक त्या मुलासाठी लिहिलेले नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेला तो प्रौढांचा ग्रंथ होता. तो मुलगा असाधारण होता म्हणून ते पुस्तक त्याला पेलले. आपली मुले साधारण आहेत, आणि साधारण मुलांनाही पुस्तक मिळण्याचा हक्क आहे.

आता ज्या पुस्तकामुळे आमचा वाद आणखी दोन शुक्रवार चालला, त्याकडे वळू. त्या कोऱ्या कागदावर पहिले नाव लिहिले ते आमच्यातल्याच एका आठवीतल्या मुलीने. तिने ग्रंथालयातून एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. नाव 'अहिंसा', लेखिका सुप्रिया केळकर. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वाढलेल्या या मराठी लेखिकेची ही पहिली कादंबरी. हस्तलिखित असतानाच तिला तिथल्या 'ली अँड लो' या प्रकाशनसंस्थेचा नवोदितांसाठीचा 'न्यू व्हिजन्स' पुरस्कार मिळाला आणि २०१७ साली ती पुस्तकरूपाने आली. त्याआधी बाईंनी हिंदी चित्रपटांच्या पटकथालेखनात काम केले होते. त्यानंतर त्यांची मुलांसाठीची बरीच पुस्तके आली, आणि शाळांत जाऊन मुलांशी बोलणे हा त्यांच्या कामाचा नेमाचा भाग आहे. म्हणजे आमच्या परिपत्रकाला शोभेसे हे नाव होते.

कादंबरी १९४२ सालची आहे. अंजली ही दहा वर्षांची ब्राह्मण मुलगी. तिची आई गांधीजींच्या हाकेला ओ देऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरते, परदेशी कपड्यांची होळी करते आणि घराचे शौचकूप साफ करायला येणाऱ्या मोहन नावाच्या मुलाशी माणसासारखे वागू लागते. अंजलीला आधी किळस येते, मग लाज वाटते, मग वस्तीतल्या मुलांना आपल्या शाळेत आणण्याची धडपड ती स्वतःच करू लागते. आई तुरुंगात जाते. कथेची प्रेरणा लेखिकेला आपल्या पणजीपासून मिळाली. त्या म्हणजे नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे, ज्या चिमूर-आष्टीच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी झटल्या आणि १९५२ साली नागपुरातून पहिल्या लोकसभेवर निवडून गेल्या.

पुस्तकाचे नाव आणि हा सारांश ऐकून आमच्यापैकी काहींचे कपाळ आठीने भरले. पुन्हा तेच, पुन्हा एक सवर्ण घर, एक कनवाळू आई आणि तिच्या दयेने उद्धरणारा आपला पोरगा! मराठी किशोरवाचनात हे आपण फार पूर्वीपासून पाहत आलो आहोत. 'श्यामची आई'मधली मोळीवाली म्हातारी आठवा. आई श्यामला तिच्या डोक्यावर मोळी चढवायला पाठवते, हे त्या काळी धाडसच होते, आणि साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले याचा विसर आम्हांला पडलेला नाही. तरीही मोळी चढवल्यावर श्यामला घरी येऊन आंघोळ करायची असते, आणि ती म्हातारी मोळी घेऊन कोठे गेली हे वाचकाला कळत नाही. 'गोट्या' आणि 'फास्टर फेणे' यांच्या जगात तर ती म्हातारीही नव्हती. आम्ही लहानपणी फास्टर फेणेबरोबर मनातल्या मनात सायकल पिटाळली आहे, त्या आनंदाशी आम्ही बेइमान होणार नाही. पण आमची वस्ती त्या सायकलच्या वाटेवर कधी लागली नाही, हेही खरे.

म्हणून 'अहिंसा' आम्ही जरा कडक नजरेनेच वाचली. आमच्या अपेक्षेपेक्षा ती प्रामाणिक निघाली, हे मोकळेपणाने सांगतो. अंजलीची आई मोठ्या प्रेमाने 'हरिजन' हा शब्द वापरते आणि मोहनला तो आवडत नाही. दया दाखवणाऱ्याने दिलेले नाव घेणाऱ्याला अपमानाचे वाटू शकते, हे एका सवर्ण लेखिकेने इंग्रजी वाचणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना समजावून सांगितले आहे, आणि तेथे बाबासाहेबांचा संदर्भही आणला आहे. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात हाच शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते. आपल्याकडच्या किती शालेय पुस्तकांनी मुलांना हे सांगितले? अंजलीची आई चुकते, तिची चूक तिला दाखवून दिली जाते आणि ती सुधारते. महात्म्यांच्या गोष्टी वाचून वाढलेल्या मुलांसाठी हे आरोग्यदायी आहे.

तरी आमच्या आठवीतल्या मुलीचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही. ती म्हणाली, "अंजलीच्या मनात काय चाललंय ते प्रत्येक पानावर कळतं. मोहनच्या मनात काय चाललंय ते तो तोंडाने बोलेल तेवढंच." टीकाकारांना जे सांगायला एक प्रकरण लागले असते ते तिने दोन वाक्यांत सांगितले. यात लेखिकेचा दोष आहे असे आम्ही मानत नाही. तिने आपल्या पणजीच्या घरातून जग पाहिले, आणि तेच तिला प्रामाणिकपणे पाहता येणार होते. मोहनच्या घरातून पाहणारे कोणी लिहीत नसेल तर त्याचा जाब केळकरांना विचारून काय उपयोग?

आणि येथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली, जिने आम्ही अस्वस्थ झालो. कादंबरीचे साल १९४२, आणि तिच्यामागच्या खऱ्या स्त्रीचे गाव नागपूर. त्याच नागपुरात, त्याच साली, ऑगस्टमधल्या 'छोडो भारत' ठरावाच्या तीन आठवडे आधी काय चालले होते? जुलैच्या १८ आणि १९ तारखांना मोहन पार्कच्या मंडपात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला, आणि २० तारखेला त्याच मंडपात महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या. पत्नीला काडीमोडाचा हक्क असावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, गिरण्यांत आणि विडीच्या कामावर राबणाऱ्या स्त्रियांना रजा आणि भरपाई मिळावी, विधिमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व असावे, असे ठराव तेथे झाले. हे ठराव मांडणाऱ्यांतल्या अनेकींच्या आयांना अक्षरओळख नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ सालच्या पुस्तकात या साऱ्या स्त्रियांची नावे आणि आठवणी गोळा केल्या नसत्या, तर आपण त्यांनाही विसरलो असतो.

त्या मंडपात आईचे बोट धरून आलेली दहा वर्षांची एखादी मुलगी असेलच. एक नव्हे, शेकडो असतील. अंजली आपल्या घराच्या दारात उभी राहून मोहनकडे पाहत होती, तेव्हा या मुली बाबासाहेबांना ऐकत होत्या. अंजलीची कादंबरी आहे. त्या मुलींची नाही, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: सुप्रिया केळकरांचे पुस्तक आपल्या मुलांना जरूर द्यावे, शाळेत त्यांना बोलवायलाही आमची ना नाही, पण तो आपल्या यादीचा शेवट होता कामा नये.

कोणी म्हणेल, आपल्या आत्मकथनांत मुलेच तर आहेत. अगदी खरे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या पुस्तकाइतकी शाळेसाठी तळमळणाऱ्या मुलाची कहाणी मराठीत क्वचितच असेल. आईबापाविना बहिणीच्या घरी वाढलेला तो मुलगा पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' 'नाजुका' या नावाने दूरदर्शनवर आली, तेव्हा आमच्यातल्या कित्येक आयांनी ती शेजाऱ्यांच्या घरी जाऊन पाहिली. दया पवारांचे 'बलुतं' तर आहेच. पण ही पुस्तके लिहिणारी माणसे प्रौढ होती आणि प्रौढांशी बोलत होती. बव्हंशी सवर्ण वाचकाच्या डोळ्यांत अंजन घालत होती. तेरा वर्षांच्या आपल्याच मुलाला जवळ घेऊन बोलणारा स्वर त्यांत सहसा नाही, आणि तो असावा अशी त्या काळात अपेक्षाही करता येत नव्हती. 'बलुतं'तली काही पाने आम्ही वयाच्या विशीत वाचली आणि रात्रभर झोपलो नाही. ती सातवीच्या मुलाच्या हाती द्यायची कशी? बरे, दिली तरी आमची मुले मराठी बोलतात छान, वाचतात मात्र रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात तशी, अक्षरे जुळवत.

चित्रपटाने हे काम आपल्या आधी केले. 'फँड्री'तला जब्या शाळकरी मुलगा आहे, त्याला एक मुलगी आवडते, त्याला जीन्स हवी आहे, आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला सतत कळते. त्याने शेवटी भिरकावलेला दगड आमच्या मुलांना समजावून सांगावा लागला नाही. कादंबरीतला जब्या कोठे आहे?

पुस्तकांत जे आहे त्यातले उत्तम म्हणजे 'भीमायन'. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेले हे चित्रपुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रंगवले आहे. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीत सांगितलेला प्रवास त्यात आहे: साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली नवे कपडे घातलेली मुले, मसूरचे स्टेशन, जात कळताच पालटलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला नकार देणारा गाडीवान, आणि रात्रभर न मिळालेले पाणी. हा प्रसंग आम्ही वंदनेनंतर मुलांना वाचून दाखवला तेव्हा एका सहा वर्षांच्या मुलाने विचारले, "मग त्यांनी पाण्याची बाटली का नाही नेली?" बहारीनच्या उन्हात बाटलीशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मुलाचा हा प्रश्न. आम्ही हसलो, आणि मग उत्तर देताना प्रत्येकाची तारांबळ उडाली.

आता काकांच्या वाक्याकडे. अमवाज म्हणजे अरबीत लाटा. मुहर्रकच्या किनाऱ्यापुढे समुद्रात भराव टाकून उभारलेली ही बेटे. येथे जुने गाव नाही, म्हणून गावकूसही नाही आणि गावकुसाबाहेरची वस्तीही नाही. आमच्या मुलांना ही जमीन जन्मापासून माहीत आहे. काका म्हणतात, चार पिढ्यांनंतर मिळालेली ही सपाट जमीन आपण कशाला उकरायची? शाळेत बाबासाहेबांवरचे पुस्तक गेले, लेखकाने सभागृहात जातीविषयी बोलायला सुरुवात केली की सगळी मान वळवून कोणाकडे पाहतील? आपल्याच मुलांकडे. बसमध्ये आडनावावरून चौकशी करणारी भारतीय मुले येथेही आहेत. ती चौकशी त्यांनी घरीच शिकलेली असते. आमच्यापैकी दोघींच्या मुलांनी हे सोसले आहे. एका वाढदिवसाला "तुम्ही नक्की कोण?" असा प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलाला विचारला गेला, आणि विचारणारी एक आई होती.

काकांची भीती म्हणजे न्यूनगंड असे म्हणणारे आमच्यातले तरुण आम्हांला घाईचे वाटतात. यशिका दत्त यांनी २०१९ साली इंग्रजीत आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात आपली जात लपवत वाढण्याचा ताण त्यांनी सांगितला आहे. शिकल्या-सवरल्या, शहरी घरातल्या मुलीचा तो ताण आहे. लपवण्यामागे आईवडिलांचे प्रेमच असते. पण त्याच पुस्तकातून हेही दिसते की लपवण्याची किंमत आईबाप नव्हे, मूल मोजते, आणि ते एकट्याने मोजते. मुलाला कळणारच असते. प्रश्न एवढाच की ते त्याला आधी कोणाकडून कळणार, केळूसकरांसारख्या एखाद्या माणसाच्या हातून मिळालेल्या पुस्तकातून की बसमधल्या कुजबुजीतून.

म्हणून आम्ही काकांशी असहमत झालो. पण त्यांची एक अट आम्ही जशीच्या तशी मान्य केली, आणि इतर देशांतल्या आपल्या मंडळांनीही ती मान्य करावी असे सुचवतो. लेखक कोणीही येवो, सत्रात कोणत्याही मुलाला उभे करून "तू तुझ्या समाजाविषयी सांग" असे म्हटले जाऊ नये. मुलाने आपणहून हात वर केला तर गोष्ट वेगळी. आम्ही ग्रंथपाल बाईंना पाठवलेल्या पत्रात 'भीमायन' सातवी-आठवीसाठी आणि 'अहिंसा' सहावीसाठी सुचवले, आणि ही अट खाली लिहिली. त्यांचे उत्तर सौजन्याचे आले. अट त्यांना पटली. इतर समाजांच्या मुलांनाही ती लागू करू, असे त्यांनी कळवले. लेखक कोण येणार ते अद्याप ठरलेले नाही. आणखी एक गोष्ट आमच्यातल्या एका बहिणीने बोलून दाखवली, ती येथे नोंदवतो: मोहनची गोष्ट आपण आपल्या मुलांना वाचायला देतो, त्या वेळी आपल्या इमारतीचा जिना पुसणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? आमच्यातल्या निम्म्याहून अधिक घरांना त्या दिवशी उत्तर देता आले नाही.

राहिली ती न लिहिलेली कादंबरी. ती कोण लिहिणार, यावर आम्ही फार खल केला नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली किशोरवयीन विद्यार्थिनी होती. म्हणजे आपल्या लेखनाची सुरुवातच शाळेतल्या मुलीने केली आहे. पुढच्या पुस्तकासाठी कोणी मोठा साहित्यिक जन्माला येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या मंडळात आठवी ते अकरावीच्या पाच मुली आणि तीन मुलगे आहेत. इंग्रजीत लिहितील, मराठीत लिहितील, दोन्ही मिसळून लिहितील. आम्ही भाषेचा आग्रह धरणार नाही.

आमच्यातल्या चंद्रपूरच्या ताई येथे परिचारिका आहेत. त्यांच्या आईची मावशी आज नव्वदीच्या घरात आहे, आणि १९४२च्या जुलैत चांद्याहून आईबरोबर नागपूरला गेल्याचे ती आजही सांगते. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असावी. ताई पुढच्या महिन्यात रजेवर गावी जात आहेत. जाताना मुलांनी त्यांच्या हाती प्रश्नांचा कागद दिला आहे. बाबासाहेब काय बोलले हा प्रश्न त्यात नाही. ते आम्ही तुम्हांला विचारू, असे मुलांनी आम्हांला सांगितले. कागदावर आहे ते असे: जाताना पाऊस होता का? बरोबर खायला काय बांधून नेले होते? रात्री कोठे झोपलात? पेरणीचे दिवस होते, मग शेतावर कोण गेले? मंडपात तुम्हांला काही दिसत होते का, की पुढे मोठ्या बायाच बसल्या होत्या? घरी आल्यावर वडील काय म्हणाले? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत लहान मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे: तिथे पाणी सगळ्यांना मिळाले का?